पान तांब्याचं करायचं तर : कलाकामाला धातूचा मुलामा, पहिल्यापासून

थंडी सुरू झाली की आमच्या बेळगाव भागात गावोगावच्या मराठी साहित्य संमेलनांची धांदल सुरू होते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, एक झालं की दुसरं. आणि माझा फोन वाजतो : "सन्मानचिन्हावर सोन्याचं पाणी चढवून मिळेल काय वो?" यंदा काहीतरी वेगळं करू या असं प्रत्येक मंडळाला वाटत असतं, बजेट मात्र गेल्या वर्षीचंच असतं. नव्या पोरापोरींचेही फोन येतात. कुणी अप्लाइड आर्ट करून परत गावी आलेली, कुणी थ्रीडी प्रिंटर घेऊन बसलेला. त्यांना दरवेळी तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतो.

पहिल्यांदा "सोन्याचं पाणी" या शब्दाचं बघू, कारण अर्धे घोटाळे तिथेच होतात. बाजारात या एकाच नावाखाली चार-पाच वेगवेगळी कामं चालतात. दुकानातली स्वस्त सोनेरी ट्रॉफी बहुतेक वेळा प्लास्टिकची असते. तिच्यावर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते आणि वरून पिवळसर लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण. स्टेनलेस स्टीलची सोनेरी रेलिंग किंवा हॉटेलातलं पॅनेल म्हणजे निर्वात पेटीत बसवलेला टायटॅनियम नायट्राइडचा थर, ज्याला पीव्हीडी म्हणतात, त्यात सोन्याचा कणही नसतो. देवळाच्या दाराला किंवा मखराला चांदी केली म्हणतात ते लाकडावर ठोकून बसवलेल्या चांदीच्या पत्र्याचं काम, त्याचा मुलाम्याशी संबंध नाही. खरा मुलामा म्हणजे वस्तू द्रावणात बुडवून विजेच्या प्रवाहाने तिच्यावर धातूचा थर बसवणं. या लेखात तेवढ्याचंच बोलतो.

गिऱ्हाईक "सोनं" म्हणालं की आधी विचारा, सोनं हवं आहे की सोनेरी हवं आहे? दहापैकी आठ जणांना सोनेरी हवं असतं आणि ते पितळ नीट घासून, लॅकर मारूनही मिळतं.

घरी काय करायचं, काय नाही

घरच्या पडवीत, माळ्यावर किंवा भाड्याच्या गाळ्यात नवख्याने एकच द्रावण ठेवावं : मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि सल्फ्युरिक ॲसिडचं तांब्याचं द्रावण. तेही मुलं आणि जनावरं फिरकणार नाहीत अशा जागी, झाकण लावून, वर नाव लिहून. सोन्या-चांदीच्या, पितळेच्या मुलाम्याची आणि लोखंडावर पहिला थर द्यायची तांब्याची जी रूढ द्रावणं आहेत, त्यांत सायनाइड असतं. त्यात चुकून ॲसिड पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि दुसरी संधी मिळत नाही. चकचकीत क्रोमच्या जुन्या पद्धतीत षट्संयुजी क्रोमियम असतं, ते कर्करोगकारक आहे. यूट्यूबवर कुणी स्वयंपाकघरात क्रोम करून दाखवत असेल तर बघा आणि सोडून द्या. ही कामं परवाना असलेल्या प्लेटिंग शॉपची, म्हणजे मुलामा देणाऱ्या कारखान्याची. निकेलही मी घरी करायला सांगत नाही, त्याच्या क्षारांची त्वचेला ॲलर्जी होते.

एवढं वगळल्यावर काय उरलं असं वाटेल. पण तांबं एकटं पुष्कळ काम देतं, आणि मुलाम्यातली सगळी खोड तांब्यातच शिकता येते.

पाच लिटर द्रावणाला एक किलो मोरचूद लागतं. शेतीच्या दुकानात मिळणारं मोरचूद, जे अथणीकडचे द्राक्षवाले बोर्डो मिश्रणासाठी नेतात, ते स्वस्त असतं पण त्यात लोह आणि बाकीचा गाळ येतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या, एकदाच घ्यायचं आहे. पाणी बोअरचं नको, नळाचंही नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. ॲसिडसाठी बॅटरीवाल्याकडचं तयार पातळ ॲसिड बरं पडतं. त्यात वजनाने साधारण एक तृतीयांश सल्फ्युरिक असतं. पाच लिटरला त्यातलं ७०० मिलिलिटरच्या आसपास पुरतं, म्हणजे लिटरमागे सुमारे ६० ग्रॅम ॲसिड होतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, त्यामुळे दुकानदाराने ओळखपत्र मागितलं आणि वहीत नोंद केली तर रागावू नका.

आधी तीन-साडेतीन लिटर कोमट पाण्यात मोरचूद पूर्ण विरघळवा. थंड होऊ द्या. मग ॲसिड बारीक धारेने त्यात सोडा आणि शेवटी पाणी घालून पाच लिटर करा. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी हातमोजे, अंगावर जुने कपडे. सुती कापडावर एक थेंब उडाला तर त्या दिवशी काही दिसत नाही, धुतल्यावर भोक दिसतं. माझ्या तीन पँटी अशा गेल्या. गाळून बरणीत भरा. बरणी प्लास्टिकची किंवा काचेची, धातूची नको.

बाकी सामान सोपं आहे. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे असतो तसा व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही बांधता येणारा डीसी पॉवर सप्लाय, पाच अँपिअरचा पुरे. अर्थिंगला वापरतात ती तांब्याची पट्टी, दोन तुकडे. माशांच्या टाकीतला हवेचा छोटा पंप, द्रावण हलतं ठेवायला. मल्टिमीटर. आणि जुन्या पॉलिस्टर साडीचा तुकडा : तांब्याच्या पट्ट्या त्यात गुंडाळल्या की झिजताना सुटणारा काळा भुगा द्रावणात पसरत नाही. सुती साडी नको, ॲसिड ती खाऊन टाकतं.

पिंपळाचं पान

पहिलं काम म्हणून मी सगळ्यांना पिंपळाचं पानच करायला लावतो. सपाट असतं, शिरा उठावदार असतात, आणि बिघडलं तर झाडाखाली दुसरं मिळतं. विजेने धातू साचवून आकृतीची हुबेहूब नक्कल काढायची ही युक्ती १८३८ साली मॉरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गमध्ये जगापुढे मांडली. आपण करणार आहोत ते तेच, फक्त साच्याऐवजी पान.

पान आठवडाभर जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा. ओलं पान द्रावणात फुगतं आणि वरचं तांबं फाटतं. वाळल्यावर दोन्ही बाजूंनी लॅकर किंवा पातळ व्हार्निशचे दोन हात द्या, मध्ये पूर्ण सुकू द्या. देठाला तांब्याची बारीक तार गुंडाळून चिकटवा. ही तार म्हणजे पानाला वीज पोचवायची वाट आणि टांगायचा हूकही.

आता पानाला वीजवाहक करायचं. बाजारात तांब्याच्या भुकटीचा तयार वाहक रंग मिळतो, तो महाग पण खात्रीचा. दुसरा मार्ग म्हणजे ग्राफाइट. इथे आपण बेळगावकर नशीबवान आहोत. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्रींना माल पुरवणाऱ्यांकडे ग्राफाइटची बारीक पूड मिळते, साच्याला आतून लावायला ती वापरतात. पातळ लॅकरमध्ये ती इतकी कालवा की रंग साईसारखा दाट होईल, लॅकर कमी आणि पूड जास्त. मऊ ब्रशने लावा, सुकल्यावर कोरड्या ब्रशने घासून चकाकी आणा. तारेपासून पानाच्या टोकापर्यंत मल्टिमीटर लावून बघा. तांब्याच्या रंगात काही ओहम दिसतात. ग्राफाइटमध्ये शेकड्यांत दिसले तरी चालतं, हजारांत गेलं तर अजून एक हात द्या. तार आणि रंग जिथे भेटतात त्या जागी रंग जरा जास्तच थापा, बहुतेक पानं तिथेच फसतात.

आता हिशोब. तांब्याच्या ॲसिड द्रावणात एक चौरस डेसिमीटर पृष्ठभागावर, म्हणजे १० गुणिले १० सेंटिमीटरवर, एक अँपिअर प्रवाह एक तास दिला तर सुमारे १३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तांबं बसतं. एवढं एक वाक्य पाठ करा, बाकी त्रैराशिक आहे. मध्यम पिंपळपानाच्या दोन्ही बाजू धरून जवळजवळ एक चौरस डेसिमीटर भरतं. पान हातात धरता यावं, वाकू नये, असं हवं असेल तर १५० ते २०० मायक्रॉन थर लागतो. म्हणजे दीड अँपिअरवर आठ-दहा तास. सकाळी लावायचं आणि दिवेलागणीला काढायचं असं काम.

पण सुरुवातच दीड अँपिअरने करू नका. लाल वायर तांब्याच्या पट्ट्यांना, काळी पानाला. पट्ट्या दोन्ही बाजूंना, पान मधोमध. सप्लाय चालू करून पान बुडवा आणि प्रवाह ०.२ अँपिअरवर बांधा. तारेजवळून गुलाबी रंग सरकायला लागतो, जसा सादळलेल्या कागदावर डाग पसरतो तसा. ग्राफाइटवर हे फार हळू जातं, तास-दीड तास लागतो. सगळं पान गुलाबी झाल्यावरच प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवा. घाई केलीत की तारेजवळ काळपट, भुसभुशीत तांबं साचतं. प्लेटिंगवाले त्याला "जळालं" म्हणतात. ते बोटाने निघतं आणि काम पहिल्यापासून करावं लागतं.

दर तासाला पान फिरवा. वीज टोकांकडे आणि कडांकडे जास्त धावते, म्हणून पानाच्या निमुळत्या शेपटीवर तांब्याच्या बारीक गाठी उठतात. मला त्या आवडतात, दवबिंदूसारख्या दिसतात. नको असतील तर प्रवाह कमी ठेवा. उलट खोल खळग्यांत वीज पोचत नाही, तिथे थर पातळ बसतो. हा नियम पानापुरता नाही, तुम्ही पुढे काहीही डिझाइन कराल तेव्हा लागू आहे : अरुंद खोल खाच टाळा, तीक्ष्ण कोपऱ्याला थोडी गोलाई द्या, टांगायची जागा आधीच ठरवा. मूर्ती पूर्ण झाल्यावर "आता हूक कुठे लावू?" असं विचारत येणारे पुष्कळ असतात.

पान बाहेर काढलं की दोन-तीन पाण्यांतून धुवा, एका पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, पुन्हा धुवा, लगेच वाळवा. ओलं ठेवलंत तर तासाभरात तपकिरी डाग.

खानापूरच्या मातीचं काय

खानापूरच्या कुंभारकामाची ख्याती आहे, तिथे खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही आहे. म्हणून बरेच जण भाजलेल्या मातीच्या वस्तूवर तांबं चढवायचं मनात धरून येतात. चढतं, पण माती म्हणजे स्पंज. ॲसिडचं द्रावण पिऊन बसते आणि महिन्याभराने मुलाम्याखालून हिरवे-निळे क्षार बाहेर यायला लागतात. वितळलेल्या मेणात भांडं बुडवून किंवा लॅकरचे चार-पाच हात देऊन छिद्रं बंद करावी लागतात. मेणावर वाहक रंग नीट धरत नाही, म्हणून मी लॅकरच वापरतो. आत पोकळ आणि तोंड बारीक अशी वस्तू तर घेऊच नका, आतलं द्रावण कधीच पूर्ण धुतलं जात नाही.

माझं मत विचाराल तर माती माती राहू द्या. खानापूरच्या लाल मातीचा ठोकळा आणि त्यावर बसवलेलं तांब्याचं पान किंवा बासमतीची लोंबी, हे सन्मानचिन्ह मी कितीतरी वेळा केलंय. लोंबी पानापेक्षा अवघड आहे, एकेक दाण्याच्या कुसळाला रंग लावताना मान मोडते. थ्रीडी प्रिंट सोपा. पण प्रिंटच्या रेघा आधी पुटी आणि सँडपेपरने घालवा, कारण तांबं त्या झाकणार नाही.

धातूवर धातू

नवख्याला वाटतं, मुलामा दिला की खालचं झाकलं जाईल. रंगाचं पुष्कळदा तसं असतं. मुलाम्याचं उलटं होतं. दहा-वीस मायक्रॉनचा थर खालच्या प्रत्येक ओरखड्याची नक्कल करतो, आणि वर चकाकी आली की जो ओरखडा आधी दिसत नव्हता तोही दिसायला लागतो. म्हणून मी कामाच्या वेळेचे दहा भाग केले तर आठ टाकीच्या, म्हणजे द्रावणात बुडवायच्या, आधी जातात. सँडपेपर २२० पासून ४००, ८०० पर्यंत, प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवं घासायचं, मग बफ, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चकाकी आणायची.

त्यानंतर तेल काढणं. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, ब्रश, मग स्वच्छ पाणी. आता बघा : वस्तू पाण्यातून उचलल्यावर पाण्याचा पापुद्रा सलग राहिला पाहिजे. मेण लावलेल्या बॉनेटवर पावसाचे थेंब गोळा होतात तसं कुठेही दिसलं तर तिथे तेलकटपणा आहे, परत घासा. ही परीक्षा फुकट आहे आणि तिच्यापेक्षा चांगली दुसरी मला माहीत नाही. पास झाल्यावर उघड्या बोटांनी शिवायचं नाही. एका अंगठ्याच्या ठशाएवढ्या जागेत मुलाम्याला फोड आलेला मी पाहिलाय, ठशाच्या रेषांसकट.

खालचा धातू कुठला, यावर सगळं ठरतं. पितळ आणि तांबं सर्वांत समजूतदार. घासा, स्वच्छ करा, पातळ ॲसिडमध्ये क्षणभर बुडवा, धुवा, टाकीत सोडा. लोखंडाचं तसं नाही. एक खिळा आपल्या मोरचुदाच्या द्रावणात बुडवून बघा, वीज न लावता काही सेकंदांत लालभडक होतो. मग चिंधीने पुसा, सगळं तांबं चिंधीवर येतं. लोखंड द्रावणात विरघळतं आणि तांबं त्याच्या जागी नुसतं टेकतं, चिकटत नाही. जस्ताच्या ओतकामाचं, ज्याला बाजारात मझाक म्हणतात, त्याचंही तेच. अशा वस्तूंना आधी सायनाइड तांब्याचा किंवा निकेलचा पातळ थर लागतो, म्हणून त्या थेट शॉपमध्ये द्यायच्या. ॲल्युमिनियमला त्याच्याही आधी जस्ताच्या द्रावणाचा एक संस्कार असतो. स्टेनलेसला वेगळा निकेल थर लागतो, आणि तो दिला नाही तर मुलामा शालीसारखा सोलून निघतो.

ओतीव लोखंडाबद्दल दोन शब्द जास्त, कारण आपलं गावच फाउंड्रीचं. मित्राच्या फाउंड्रीत काही ओतून घ्यायचा मोह कुणालाही होतो, मलाही झाला. शिवजयंतीच्या एका चित्ररथासाठी घोड्याचं मुंडकं वाळूच्या साच्यात ओतून घेतलं, घासलं, प्लेटिंगवाल्याकडून आधी निकेल आणि वर पितळी मुलामा करून आणला. वैशाखातल्या मिरवणुकीत घोडा काय चमकला! मंडळाच्या खोलीत ठेवला. मृग लागला, आणि पंधरवड्यात घोड्याच्या गालावर पुरळ आल्यासारखे ठिपके. प्लेटिंगवाल्याची काही चूक नव्हती. वाळूच्या ओतकामात बारीक छिद्रं राहतात, त्यांत टाकीतलं द्रावण अडकतं, वरून थर बसतो आणि पावसाळी हवेत ते परत झिरपून बाहेर येतं. शिवाय बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पृष्ठभागावर ग्राफाइट उघडं पडतं, ते मुलाम्याला नीट धरू देत नाही. ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवलं तर आणखी उघडं पडतं. तेव्हापासून बिडाला मी बीडच ठेवतो, तेल-मेण लावून काळं. मुलाम्याचं काम असेल तर पितळेत ओतायचं, नाहीतर पत्र्यात घडवायचं.

प्लेटिंगवाल्याकडे जाताना

आपल्याकडच्या शॉपमध्ये बहुतेक काम नट-बोल्टला जस्त आणि हायड्रॉलिकच्या शाफ्टला हार्ड क्रोम असं असतं. तिथे शोभेच्या कामाचा एक नग घेऊन गेलात तर पहिलं उत्तर "होतंय की" हेच येईल. खूश होऊ नका. आधी त्यांनी केलेला शोभेचा एखादा नग दाखवा म्हणा.

शब्द जपून वापरा. सराफाकडे "पॉलिश" म्हणजे मुलामा, मशीन शॉपमध्ये "पॉलिश" म्हणजे बफिंग. मी एकदा ओतीव पितळेची पंचवीस सन्मानचिन्हं "पॉलिश करून द्या" असं सांगून सोडून आलो. संध्याकाळी आरशासारखी चकचकीत नगं मिळाली, मुलाम्याशिवाय, आणि बफने उठावाच्या अक्षरांवरचे अनुस्वार साफ उडालेले. पंचवीस जागी "समेलन". त्यानंतर अक्षरं दीड मिलिमीटरपेक्षा कमी उठावाची मी करत नाही आणि बफिंग स्वतःच करतो.

तोंडी सांगू नका, मालासोबत द्यायच्या चलनावर लिहा. खालचा धातू कुठला. त्यावर कुठले थर, कुठल्या क्रमाने, किती मायक्रॉन. दर्शनी बाजू कुठली, हूक कुठे लावायचा. चकचकीत की मॅट. वर लॅकर हवं की नको. सोन्याचं उदाहरण घ्या. पितळेवर थेट सोनं दिलं तर खालचं तांबं हळूहळू सोन्यात शिरून वर येतं आणि रंग मळतो. म्हणून मध्ये निकेलचा थर लागतो, घरात ठेवायच्या वस्तूला दहाएक मायक्रॉन. वरचं सोनं "फ्लॅश" म्हणतात तेवढं, ०.१ ते ०.५ मायक्रॉन. तीन चौरस डेसिमीटरच्या सन्मानचिन्हावर ०.२ मायक्रॉन सोनं म्हणजे वजनाने ग्रॅमचा आठवा-नववा हिस्सा. त्या दिवशीच्या भावाने गुणा, प्लेटिंगवाल्याने सांगितलेल्या दरात तेवढं सोनं बसतं का ते लगेच कळतं. बसत नसेल तर तो तुम्हाला सोनेरी लॅकर विकतोय. पावसात उभं राहणाऱ्या कामाला फ्लॅशचं सोनं सांगूच नका.

मूळ नगासोबत त्याच धातूच्या दोन पट्ट्या द्या, त्याच टाकीतून काढायला. परत आल्यावर एक पट्टी मोडेपर्यंत वाकवा : मुलामा पापुद्र्यासारखा सुटला तर नगाचाही सुटणार. दुसरी, पितळेची असेल तर सुमारे २५० अंशांना तापवून पाण्यात टाका, फोड आले तर खालची सफाई कच्ची. बेळगावात मध्येच लाइट जाते, हेही विचारात घ्या. निकेलच्या टाकीत प्रवाह तुटला की पृष्ठभागावर लगेच निष्क्रिय पापुद्रा बसतो आणि नंतरचं निकेल आधीच्या निकेलवरच धरत नाही. जनरेटर आहे का, हे मी दराच्या आधी विचारतो.

चांदीच्या कामाला इथले लोक कोल्हापूर-हुपरीकडे बघतात, निपाणीकरांना तर ते घरामागचंच. फक्त कोगनोळी ओलांडली की राज्य बदलतं. जीएसटीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल पाठवला तर किंमत ५०,००० रुपयांच्या खाली असली तरी ई-वे बिल लागतं. नोंदणी असेल तर चलन आणि ई-वे बिल दोन्ही काढूनच गाडीत माल ठेवा. आपल्यासारख्यांना हद्दीचं वेगळं काय शिकवायचं म्हणा, पण या बाबतीत भलेभले विसरतात.

काळं करणं, मग उजळणं

नुसतं गुलाबी तांबं कोरं दिसतं. त्याला जुनेपण द्यायचं तर गंधकाच्या क्षाराचं पातळ द्रावण, ज्याला लिव्हर ऑफ सल्फर म्हणतात, कोमट पाण्यात चहासारख्या रंगाचं करा आणि पान त्यात बुडवा. आधी सोनेरी, मग जांभळं, मग काळं होतं. हवं तिथे थांबवून धुवा. कुजक्या अंड्याचा वास सुटतो, उघड्यावर करा आणि ॲसिडच्या बरणीपासून लांब करा. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू सुटतो. मग बारीक स्टील वूलने वरवरचं घासा : शिरा उजळतात, खळगे काळे राहतात. देवघरातली जुनी समई कशी दिसते, तसं. आठवडाभर हाताळून आवडलं तर लॅकर मारा. लॅकर पावसाळ्यात मारायचं असेल तर वस्तू आधी हेअर ड्रायरने गरम करून घ्या, नाहीतर दमट हवेत वर दुधाळ झाक येते.

उरलेलं पाणी

तांब्याचं द्रावण नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं चालतं, पट्ट्यांतून तांबं भरून निघत राहतं. उडालेलं पाणी भरा, थंडीत तळाशी निळे खडे बसले तर बरणी उन्हात ठेवा, अधूनमधून गाळा. फेकायची वेळ क्वचित येते. धुण्याचं पाणी मात्र रोज निघतं, आणि ते निळसर असेल तर गटारात सोडायचं नाही. तांबं माशांना आणि मुळांना विष आहे. शहापूर-वडगावचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून कुणाच्या शिवारात जातं, हे वेगळं सांगायला नको.

मी दोन बादल्या ठेवतो. पहिल्या धुण्याचं पाणी पहिल्या बादलीत, त्यात लेथवरचा लोखंडी कीस टाकतो. खिळ्याचा प्रयोग आठवा : तांबं किसावर बसतं आणि पाण्याचा निळा रंग उडतो. दोनेक दिवसांनी ते पाणी दुसऱ्या बादलीत काढून धुण्याचा सोडा थोडा थोडा घालतो, फेस थांबेपर्यंत आणि पीएच कागद आठ-नऊ दाखवेपर्यंत. खाली गाळ बसतो. वरचं निवळ पाणी काढून घेतलं की गाळ जाड कापडावर ओतून उन्हात वाळवतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतो. प्रदूषण मंडळाच्या यादीत प्लेटिंगचा उद्योग लाल वर्गात येतो, त्यामुळे परवाना असलेल्या शॉपला स्वतःचा गाळ ठरलेल्या ठिकाणी पाठवावाच लागतो. माझं काम ज्यांच्याकडे जातं त्यांच्याशी मी बोलून ठेवलंय. वर्षातून एकदा, सन्मानचिन्हांची चलनं घेऊन जाताना, माझी दोन किलोची पिशवी त्यांच्या पिंपात जाते.